मामांचा फोटो काळवंडला कसा?

गेल्या वर्षीच्या आपल्या ई-अंकात लायब्ररीतल्या मामांवर एक लेख आला होता, तो पुष्कळांना आठवत असेल. लायब्ररीत पाऊल टाकलं की "कुठलं पुस्तक गो?" म्हणून विचारणारे मामा. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच गेले. लेखासोबत त्यांचा एक फोटो होता. लायब्ररीच्या व्हरांड्यात, जांभ्या दगडाच्या भिंतीला टेकून उभे आहेत, हातात रजिस्टर आहे आणि चेहऱ्यावर ते नेहमीचं अर्धं हसू. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने तो मोबाइलवर काढला होता. अंकासाठी तो 'नीट' करायचं काम माझ्याकडे आलं. मी रात्री अकरापर्यंत बसले, उजेड कमी-जास्त केला, रंग सारखे केले. माझ्या मॉनिटरवर तो झकास दिसत होता.

अंक निघाल्यावर पंधराएक दिवसांनी मामांचा मुलगा कॉलेजात आला. घरात मामांचा धड असा एकही फोटो नव्हता. म्हणून त्याने आपल्या अंकातलाच फोटो स्टुडिओत देऊन मोठा करून घेतला होता, फ्रेम करून भिंतीवर लावायला. कागदाच्या पिशवीतून त्याने तो काढून दाखवला. चेहरा काळवंडलेला, त्यावर किंचित निळसर झाक, आणि चष्म्याच्या आत नुसता अंधार. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "यात बाबांचे डोळेच दिसत नाहीत. दुसरा आहे का?"

मला आधी वाटलं, स्टुडिओवाल्याने छपाई बिघडवली. मग मी तीच फाइल कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये उघडली, दोघा-तिघांच्या मोबाइलवर उघडून पाहिली. सगळीकडे चेहरा काळाच. चांगला दिसत होता तो फक्त माझ्या मॉनिटरवर! म्हणजे स्टुडिओवाल्याने मी दिलं तेच छापलं होतं. चूक माझ्या टेबलावर होती. त्यानंतर या विषयात मी जे वाचलं, करून पाहिलं, ते आपल्या मंडळात पोस्टर, भित्तिपत्रक, मुखपृष्ठ करणाऱ्या सगळ्यांसाठी इथे लिहिते आहे. जे फक्त वाचतात, त्यांच्या डोळ्यांसाठीही शेवटी थोडं आहे.

फाइलमध्ये असतात ते आकडे

आपल्या बहुतेकांच्या घरी असतो तो एलसीडी मॉनिटर. त्याच्या पाठीमागे एलईडी दिव्यांचा पांढरा उजेड सतत चालू असतो. पुढे द्रवस्फटिकांचा थर असतो. खिडकीच्या झडपा कमी-जास्त उघडाव्यात तसा तो प्रत्येक ठिपक्यापाशी उजेड कमी-जास्त सोडतो. प्रत्येक ठिपक्याचे तीन भाग असतात, लाल, हिरवा आणि निळा. नेहमीच्या फोटोत या प्रत्येक भागाला ० ते २५५ मधला एक आकडा दिलेला असतो. तिन्ही ० म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ केलं की १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होतात.

आता मुद्दा लक्षात घ्या. फाइलमध्ये रंग नसतो, हे आकडे असतात. मॉनिटरचं ब्राइटनेसचं बटण दाबलं की मागचा दिवा मोठा किंवा बारीक होतो, फाइलमधला आकडा तसाच राहतो. माझा मॉनिटर दुकानातून आला तेव्हापासून १०० टक्के ब्राइटनेसवर होता. नवे मॉनिटर बरेचदा असेच भडक येतात आणि आपण ते तसेच वापरत राहतो. एवढ्या प्रखर दिव्यापुढे मामांचा फोटो मला फिकट, उजेडाने धुतल्यासारखा वाटला. म्हणून मी फोटोचा उजेड खाली खेचला. तो खेचताना बदलले ते आकडे. माझ्या पडद्याने त्या लहान आकड्यांनाही भरपूर उजेड दिला, म्हणून मला ते छान दिसले. इतरांच्या पडद्यांनी तेवढा दिला नाही. आणि कागदाला तर स्वतःचा उजेडच नसतो. खोलीतला जो उजेड त्यावर पडतो, तोच तो परत पाठवतो.

मासळीबाजारातला तराजूच एका बाजूला झुकत असेल, तर विकणारी कितीही प्रामाणिक असली तरी वजन चुकणारच. माझं तसंच झालं.

मग ब्राइटनेस किती ठेवायचा?

"ब्राइटनेस ४० ठेव", "५० ठेव" असे सल्ले पुष्कळ मिळतात. त्यांना फार अर्थ नाही, कारण एका मॉनिटरचे ४० आणि दुसऱ्याचे ४० सारखे नसतात. पडद्याचा उजेड 'निट' या एककात मोजतात (एक निट म्हणजे चौरस मीटरमागे एक कँडेला). साधे ऑफिसचे मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर साधारण २५० ते ३५० निटपर्यंत जातात. छापण्यासाठी फोटो तयार करणारे लोक मात्र पडदा ८० ते १२० निटच्या आसपास ठेवतात. म्हणजे माझा पडदा हवा होता त्याच्या दुप्पट-तिप्पट उजळ होता.

निट मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं. त्यासाठी सोपी युक्ती आहे. स्क्रीनवर वर्डचं कोरं पान उघडा. नेहमी ज्या उजेडात बसता त्याच उजेडात एक कोरा पांढरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरा आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघा. स्क्रीनवरचं पान ट्यूबलाइटसारखं झगझगत असेल तर ब्राइटनेस कमी करा. कागदापुढे ते राखाडी, मळकट वाटत असेल तर वाढवा. दोन्ही साधारण एकाच जातीचे वाटले की थांबा. मी हे केलं तेव्हा माझा मॉनिटर १०० वरून थेट ३० वर आला. पहिले दोन दिवस अंधार-अंधार वाटलं. तिसऱ्या दिवशी डोळ्यांना सवय झाली.

खोली बदलली की हा आकडाही बदलतो. आपल्याकडे जुलैत भर दुपारी लाइट लावावा लागतो आणि एप्रिलमध्ये त्याच खिडकीतून ऊन टेबलावर येतं. या दोन दिवसांचा ब्राइटनेस एक असूच शकत नाही. खिडकी पाठीमागे असेल तर पडद्यावर तिचं प्रतिबिंब पडतं, समोर असेल तर डोळे दिपतात. मॉनिटर असा ठेवावा की खिडकी बाजूला येईल. आणि रात्री खोलीतला दिवा बंद करून काळोखात फोटो करत बसू नये. मी नेमकं तेच केलं होतं.

काँट्रास्टला हात लावण्याआधी

काँट्रास्ट बहुतेक मॉनिटरवर कंपनीने दिला तिथेच ठीक असतो. तो फार वाढवला तर अगदी फिकट छटा पांढऱ्यात विरून जातात. पांढऱ्या शर्टाच्या चुण्या दिसेनाशा होतात, ढग एकसारखा पांढरा ठिगळ होतो. आपला मॉनिटर असं काही गिळतो का, हे पाच मिनिटांत तपासता येतं.

पेंटमध्ये एक कोरं चित्र उघडा. 'एडिट कलर्स'मध्ये लाल, हिरवा, निळा या तिन्ही चौकटींत एकच आकडा टाकायचा. आधी सगळी पार्श्वभूमी ० म्हणजे काळी करा आणि तिच्यावर ५, १०, १५, २०, २५ असे पाच चौकोन काढा. ५ चा चौकोन दिसला नाही तरी चालेल. पण २० आणि २५ सुद्धा काळ्यात बुडाले असतील, तर तुमचा पडदा सावलीतला तपशील खातो आहे. दुसऱ्या चित्रात पार्श्वभूमी २५५ ठेवा आणि २५०, २४५, २४०, २३५ चे चौकोन काढा. २४० चा दिसत नसेल तर काँट्रास्ट कमी करून बघा. ही दोन चित्रं मी डेस्कटॉपवरच ठेवली आहेत.

मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला असेल आणि काळा रंग काही केल्या काळा न दिसता राखडलेला दिसत असेल, तर आणखी एक जागा तपासा. टीव्हीच्या पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, कॉम्प्युटरच्या पद्धतीत ० आणि २५५ वर. कॉम्प्युटर एक पद्धत पाठवतो आणि मॉनिटर दुसरी समजतो, असं कधी कधी होतं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'फुल' आणि 'लिमिटेड' असे दोन पर्याय असतात. कॉम्प्युटरच्या मॉनिटरला बहुधा 'फुल' लागतो.

निळसर झाक आली कुठून?

चेहरा काळा का झाला ते कळलं. पण निळा का झाला? याचं उत्तर माझ्या डोळ्यांत होतं.

लोहाराकडे लोखंड तापताना पाहिलं आहे का? आधी ते लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं आणि पुढे पांढरं. तापमान वाढतं तसा उजेड लालाकडून निळ्याकडे सरकतो. याच हिशेबाने उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात. मेणबत्ती साधारण १९०० केल्विन, जुना पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी 'पांढरा' म्हणजे ६५०० केल्विन, असं ठरलेलं आहे. गंमत अशी की आकडा मोठा तेवढा रंग थंड, आणि आपण ज्याला 'वॉर्म' म्हणतो त्याचा आकडा लहान. मॉनिटरच्या मेनूत 'कलर टेंपरेचर' नावाखाली वॉर्म, नॉर्मल, कूल किंवा थेट ६५००, ९३०० असे पर्याय असतात. रंगाचं काम करायचं असेल तर ६५०० घ्यावा. आकडे दिलेले नसतील तर नॉर्मलपासून सुरुवात करून, दिवसाच्या उजेडात कोऱ्या कागदाशी ताडून बघावं.

माझा मॉनिटर ६५०० वरच होता. पण विंडोजमधलं 'नाइट लाइट' मी कधीतरी चालू करून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी ते आपोआप सुरू होऊन सगळा पडदा पिवळसर करायचं, आणि मला ते कळतही नव्हतं.

न कळण्याचं कारण साधं आहे. संध्याकाळी रस्त्याने घरी येताना आपल्या घराची खिडकी बाहेरून बघा. आत बल्ब असेल तर खिडकी नारिंगी-पिवळी दिसते. आत गेल्यावर पाच मिनिटांत तीच भिंत पांढरी वाटायला लागते. भिंत बदलत नाही. आपले डोळे आणि मेंदू खोलीतल्या उजेडालाच 'पांढरा' धरून बाकीचे रंग त्यावरून लावतात. रोजच्या जगण्यात ही फार मोठी सोय आहे, नाहीतर दिवा बदलला की माणसांचे चेहरे ओळखताना गोंधळ झाला असता. फोटो करताना मात्र हीच सोय फसवते. पिवळ्या पडद्यावर मामांचा चेहरा मला जरा जास्तच पिवळा वाटत होता. पूर्ण फसण्याइतके डोळे सरावलेले नव्हते, आणि पडदाच पिवळा आहे हे ओळखण्याइतके सावधही नव्हते. मी फोटोतला पिवळा काढला, म्हणजे निळा वाढवला. सकाळी इतरांनी फोटो पाहिला तेव्हा पडद्यावरचा पिवळा नव्हता, मी घातलेला निळा तेवढा उरला होता.

म्हणून रंगाचं काम करताना नाइट लाइट बंद. मॅकवर त्याचं नाव 'नाइट शिफ्ट', मोबाइलवर 'आय कम्फर्ट' किंवा 'रीडिंग मोड' अशी नावं असतात. आयफोन, मॅकबुकमध्ये 'ट्रू टोन' आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग बदलतो. तेही तेवढा वेळ बंद करावं.

सगळ्यांनी मिळून ठरवलेली भाषा

मग एकच फोटो शंभर जणांच्या शंभर पडद्यांवर सारखा दिसावा, यासाठी काही नियम आहे की नाही? आहे. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी 'एसआरजीबी' नावाची पद्धत सुचवली. १९९९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. अमुक आकडा म्हणजे नेमका कुठला लाल, पांढरा म्हणजे कुठला पांढरा, ० ते २५५ मधल्या पायऱ्या कशा चढायच्या, हे सगळं त्यात ठरवलेलं आहे. या पायऱ्यांच्या चढाला गॅमा म्हणतात. मॉनिटरच्या मेनूत तो २.२ ठेवावा. गॅमा चुकला तर काळा आणि पांढरा जागेवर राहूनही मधल्या छटा, म्हणजे नेमका माणसांच्या त्वचेचा भाग, फिकट किंवा गडद होतो.

अनेक मॉनिटरवर स्टँडर्ड, मूव्ही, गेम, इको अशा मोडमध्ये 'एसआरजीबी' नावाचाही एक मोड असतो. असेल तर तोच निवडा. काही मॉनिटर या मोडमध्ये ब्राइटनेस बदलू देत नाहीत. तसं झालं तर स्टँडर्ड घेऊन वर सांगितल्याप्रमाणे हाताने लावा. गेम आणि मूव्ही मोड फोटोसाठी टाळावेत. 'डायनॅमिक काँट्रास्ट' बंद ठेवावा, कारण तो समोरच्या चित्राप्रमाणे स्वतःच उजेड बदलत राहतो.

विंडोजच्या शोधपट्टीत 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' असं इंग्रजीत टाइप केलं की एक मदतनीस उघडतो. तो गॅमा, ब्राइटनेस, काँट्रास्ट आणि रंगांचा तोल एकेक चित्र दाखवून लावून घेतो. पडद्यावर चिकटवून रंग मोजणारं यंत्रही मिळतं, पण ते काही हजारांचं असतं. आपल्या अंकापुरतं डोळे आणि कोरा कागद पुरतो.

आपले निम्म्याहून जास्त वाचक अंक मोबाइलवर उघडतात, असं मला आजूबाजूला बघून वाटतं. पुष्कळ मोबाइलचा पडदा 'व्हिव्हिड'वर असतो. त्यात जांभा दगड कुंकवासारखा लाल आणि पावसातलं शेवाळ पोपटी दिसतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'नॅचरल' किंवा 'स्टँडर्ड' निवडून एकदा आपलं मुखपृष्ठ पुन्हा पाहा.

जे फक्त वाचतात त्यांच्यासाठी

मराठी वाचताना आणखी एक बटण महत्त्वाचं आहे, ते म्हणजे 'शार्पनेस'. ते जास्त असेल तर अक्षरांच्या कडेने पांढरी किनार दिसते. इंग्रजीत ती खपून जाते. देवनागरीत मात्र अनुस्वार, रफार, उकार आधीच दाटीने बसलेले असतात, त्यांचा गिचका होतो. काळी अक्षरं मोठी करून बघत शार्पनेस हळूहळू कमी करा आणि किनार नाहीशी होईल तिथे थांबा. अगदी शून्यावर मात्र काही मॉनिटर अक्षरं पुसट करतात.

आणि निळ्या उजेडाचा चष्मा? माझ्या दोन मैत्रिणींनी तो घेतला आहे. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत त्यांच्यामुळे डोळ्यांचा शीण थोड्या काळात कमी होतो असं त्यातून दिसलं नाही. स्क्रीनपुढे डोळे दुखतात याची मोठी कारणं म्हणजे पापण्या कमी लवणं आणि तासन्‌तास एकाच अंतरावर बघणं. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी लववतो, स्क्रीनपुढे त्याच्या निम्म्यावर येतो. म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. नेत्रतज्ज्ञ २०-२०-२० चा नियम सांगतात. दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद बघायचं. लायब्ररीच्या खिडकीतून समोरचा माड दिसतो, तो याला उत्तम. नाइट लाइटमुळे रात्री वाचताना बरं वाटत असेल तर खुशाल लावा. फक्त फोटो करताना ते बंद करायची आठवण ठेवा.

थोडक्यात क्रम

१. मॉनिटर चालू करून अर्धा तास जाऊ द्या. पडदा स्थिर व्हायला वेळ लागतो.
२. नाइट लाइट, ट्रू टोन, डायनॅमिक काँट्रास्ट बंद करा.
३. एसआरजीबी किंवा स्टँडर्ड मोड, ६५०० केल्विन, गॅमा २.२ निवडा.
४. पडद्यासमोर सरळ बसा. स्वस्त पडद्यावर मान थोडी वर-खाली केली तरी रंग बदलतो.
५. कोऱ्या कागदाशेजारी ब्राइटनेस लावा.
६. काळ्या आणि पांढऱ्या चौकोनांची चित्रं बघून काँट्रास्ट तपासा.
७. हे सगळं झाल्यावरच फोटो उघडा. झालेला फोटो दुसऱ्या दोन पडद्यांवर पाहा. छापायचा असेल तर आधी लहान प्रिंट काढा.

मामांच्या फोटोचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. मूळ फोटो मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये सुदैवाने होता. या वेळी मी तो दिवसा केला, वरच्या क्रमाने. खरं सांगायचं तर त्यात करायला फारसं काही नव्हतंच. चेहऱ्यावरची सावली थोडी उचलली आणि थांबले. आधी लहान प्रिंट काढली. व्हरांड्याच्या उजेडात ती मामांच्या जुन्या सहकाऱ्यांना दाखवली. ते म्हणाले, "हां, हे मामा." मग मोठी प्रिंट काढून आम्ही तिघी मामांच्या घरी देऊन आलो. चष्म्याच्या आत डोळे दिसतात.

मंडळाच्या सभासदांना एक विनंती. यंदाच्या अंकासाठी फोटो पाठवताना मूळ फाइलच पाठवा, आणि तुम्ही काही सुधारणा केल्या असतील तर तो फोटो वेगळा जोडा. मूळ फाइल असली की चूक दुरुस्त करता येते. मामांच्या वेळी ती मिळाली म्हणूनच निभावलं.